घसरणारं चाक आणि फर्डिनांड पोर्शे

हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर एक चक्कर मारा. एखाद्या तरी खोलीच्या दारावर, नाहीतर कुणाच्या मोबाइलच्या स्क्रीनवर पोर्शे ९११ दिसेलच. गंमत म्हणजे ज्याच्या आडनावाने ही गाडी ओळखली जाते, तो फर्डिनांड पोर्शे ती लोकांसमोर आली तेव्हा हयातच नव्हता. ९११ आली १९६३ मध्ये आणि हा गृहस्थ वारला १९५१ मध्ये. त्याने ९११ बनवली नाही. मग त्याने केलं तरी काय? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे सापडलं ते आपल्या टी.ओ.एम.च्या एका धड्याशी येऊन भिडलं. तो धडा म्हणजे डिफरन्शियल. त्या धड्याच्या वाटेनेच हे चरित्र सांगतो.

पोर्शेचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ चा. गाव माफर्सडॉर्फ. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आता चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटोन पत्र्याचं काम करायचे. मुलानेही तोच धंदा पुढे चालवावा अशी त्यांची साधी अपेक्षा होती. पण मुलाचा जीव विजेत अडकलेला. दिवसा वडिलांच्या दुकानात हातोडी आणि संध्याकाळी जवळच्या रायशेनबर्ग गावातल्या तांत्रिक शाळेचे वर्ग, असं त्याचं चाललं होतं. त्याने स्वतःच्या घरात विजेचे दिवे लावून दाखवले तेव्हा कुठे वडील नरमले. १८९३ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, तो व्हिएन्नाला बेला एगर या विजेच्या सामानाच्या कंपनीत कामाला लागला. काम सुटलं की तिथल्या तांत्रिक विद्यापीठाच्या वर्गात जाऊन बसायचा. रीतसर प्रवेश नाही, फी नाही, हजेरी नाही! आपण हजेरीसाठी वर्गात बसतो आणि हा हजेरी नसताना बसत होता. त्याला इंजिनिअरिंगची पदवी कधीच मिळाली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याच व्हिएन्नाच्या विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. ती त्याला इतकी मोलाची वाटली की पुढे कंपनी काढली तेव्हा डॉक्टर, इंजिनिअर आणि मानद ही तिन्ही अक्षरं त्याने तिच्या नावातच घातली.

आता डिफरन्शियलकडे येऊ. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवली तर एक चाक फरफटणार हे उघड आहे. म्हणून मध्ये डिफरन्शियल घालतात. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. १८२७ मध्ये फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकूर याने वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे पोर्शेच्या जन्माआधीच हा प्रश्न सुटलेला होता.

पण या पोराने तो प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. १८९८ मध्ये तो व्हिएन्नाच्या लोनर या बग्गी बनवणाऱ्या जुन्या कारखान्यात गेला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची विजेवर चालणारी गाडी मांडली गेली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यातच एकेक मोटर बसवलेली होती. गिअर नाही, साखळी नाही, डिफरन्शियलही नाही. प्रत्येक चाकाचा मालक वेगळा, मग भांडण कसलं! त्याच वर्षी एका इंग्रज गिऱ्हाइकासाठी त्याने चारही चाकांत मोटरी असलेली गाडी केली. तिची नुसती बॅटरीच सुमारे १८०० किलोंची होती. म्हणजे कल्पना पुढची आणि वजन मागे ओढणारं. मग बॅटरी कमी करून पेट्रोल इंजिनवर जनरेटर फिरवायचा आणि त्या विजेवर चाकातल्या मोटरी चालवायच्या असा मार्ग त्याने काढला. आज आपण ज्याला हायब्रिड म्हणतो त्याचीच ही पणजी. पोर्शे तेव्हा २५ वर्षांचा होता. आपल्यातले काही जण त्या वयात एम.टेक.चं सबमिशन करत असतात.

१९०६ मध्ये तो ऑस्ट्रो-डाइम्लर कंपनीचा मुख्य डिझायनर झाला. १९१० च्या प्रिन्स हेन्री शर्यतीत त्याच्या गाड्या पहिल्या तीन क्रमांकांवर आल्या, आणि पहिली आलेली गाडी तो स्वतः चालवत होता. १९२३ मध्ये तो स्टुटगार्टला डाइम्लर कंपनीत गेला आणि तिथे सुपरचार्जरवाल्या मोठ्या मर्सिडीज गाड्यांवर त्याने काम केलं. पण वरच्या मंडळींशी त्याचं कधी फार जमलं नाही. स्वभाव तापट, डोक्यात नवी कल्पना आली की खर्चाचा हिशेब बाजूला. १९२८ च्या शेवटी ती नोकरी सुटली. मग ऑस्ट्रियातली श्टायर कंपनी, तीही थोड्याच दिवसांत अडचणीत. शेवटी २५ एप्रिल १९३१ रोजी स्टुटगार्टला त्याने स्वतःचं डिझाइन ऑफिस काढलं. वय ५५, आणि जगभर मंदी.

इथे एका दुसऱ्या माणसाची ओळख करून द्यायला हवी, कारण पोर्शेच्या पोस्टरवर तो कधी नसतो. त्याचं नाव आडोल्फ रोझेनबर्गर. जन्म १९०० चा, धर्माने ज्यू, आणि जर्मनीतला नावाजलेला रेसिंग ड्रायव्हर. बेंझ कंपनीने १९२३ मध्ये एक विचित्र शर्यतीची गाडी आणली होती. इंजिन ड्रायव्हरच्या मागे आणि मागची दोन्ही चाकं एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होणारी. लोक तिच्या आकारामुळे तिला पाण्याचा थेंब म्हणत. रोझेनबर्गरने ती गाडी शर्यतीत चालवलेली होती. म्हणजे मागे इंजिन आणि मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन असलेली गाडी हातात कशी लागते हे त्याला सीटवर बसून माहीत होतं. पोर्शेच्या नव्या ऑफिसचा व्यवहार तोच सांभाळायचा. पैसे त्याने घातले, गिऱ्हाइकं त्याने मिळवली. कंपनीत त्याचा हिस्सा १० टक्के होता.

१९३२ मध्ये नवा नियम जाहीर झाला. १९३४ पासून ग्रां प्री शर्यतीच्या गाडीचं वजन ७५० किलोंच्या आत हवं. इंजिन कितीही मोठं चालेल. पोर्शे आणि रोझेनबर्गर यांनी कुणाची ऑर्डर नसतानाच गाडीचं डिझाइन हाती घेतलं. पुढे ते चार कंपन्या मिळून झालेल्या ऑटो युनियनने उचललं. आज आउडीच्या तोंडावर दिसणाऱ्या चार कड्या त्या चार कंपन्यांच्याच. ड्रायव्हरच्या मागे १६ सिलिंडरचं इंजिन आणि मागे स्विंग अ‍ॅक्सल, अशी ती गाडी होती. १९३४ मध्ये इंजिन ४.४ लिटरचं होतं आणि ताकद २९५ अश्वशक्ती. १९३६ पर्यंत ते ६ लिटरवर आणि ५२० अश्वशक्तीवर गेलं. वजन मात्र तेवढंच. टायर आजच्या मानाने अगदी अरुंद.

आणि तिथेच १८२७ चं ते जुनं डिफरन्शियल आडवं आलं. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगातसुद्धा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागचं एक चाक जागच्या जागी गरगर फिरायचं. टायर जळायचा आणि जोर वाया जायचा.

हे का होतं ते नीट पाहू, कारण व्हायवाला इथेच बरेच जण घसरतात. साधं डिफरन्शियल दोन चाकांना वेगवेगळी गती देऊ शकतं, पण टॉर्क दोघांना सारखाच देतं. एक चाक तेलावर असेल तर त्याला फिरवायला लागतो तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, टॉर्क दुसऱ्यालाही मिळतो. दुसरं चाक कोरड्या डांबरावर उभं असलं तरी त्याला काही मिळत नाही. सगळा टॉर्क घसरणाऱ्या चाकाला जातो असं आपण म्हणतो ते चूक आहे. टॉर्क कुणालाच मिळत नाही, गती तेवढी घसरणाऱ्याला मिळते.

माझं गाव कट्टा. कसालहून मालवणला जाताना लागतं, बॅरिस्टर नाथ पै सेवांगण असलेलं. आमच्याकडे हा धडा पुस्तकाशिवाय शिकता येतो. पावसाळ्यात समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला चिऱ्याने भरलेला टेम्पो साइडपट्टीवर घ्यावा लागतो. एक मागचं चाक लाल चिखलात उतरतं आणि दुसरं डांबरावर राहतं. ड्रायव्हर गिअर टाकतो. चिखलातलं चाक भिंगरीसारखं फिरतं, मागे उभ्या असलेल्याच्या शर्टावर नक्षी काढतं, आणि डांबरावरचं चाक ढिम्म. मग कुणीतरी चाकाखाली चिऱ्याचे तुकडे आणि माडाची झावळं सरकवतो. यातलं इंजिनिअरिंग असं की झावळाने चिखलातल्या चाकाची पकड वाढते, तेवढाच जास्त टॉर्क डांबरावरच्या चाकालाही मिळतो आणि टेम्पो निघतो. झावळ टाकणाऱ्याला सूत्र माहीत नसतं, पण कुठलं चाक धरायचं ते अचूक कळतं.

पोर्शेला ताशी दीडशेच्या वेगात झावळ टाकता येत नव्हतं. १९३५ मध्ये त्याने झेड.एफ. या गिअर बनवणाऱ्या कंपनीला सांगून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल करवून घेतलं. त्यात नेहमीचे बेव्हल गिअर नव्हते. दोन हाफ शाफ्टवर उंचवटे असलेल्या दोन कड्या, एक आत आणि एक बाहेर. दोन्हींवरच्या उंचवट्यांची संख्या वेगळी. मध्ये क्राउन व्हीलने फिरणारा पिंजरा आणि त्यात सरकणारे ठोकळे. वळणावर चाकांच्या गतीत थोडा फरक पडला तर ठोकळे सरकून तो चालवून घेतात. पण एक चाक भलतंच पळायला लागलं की ठोकळे पाचरीसारखे अडकतात, घर्षण वाढतं आणि पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क जातो. मूळ गाडी तीच, फक्त तिच्या पोटातला एक अवयव बदलला. परफॉर्मन्स गाड्यांत आज लोक बाजारातून आणून जो बदल करतात, त्याचं हे फार गाजलेलं जुनं उदाहरण.

आपल्या हॉस्टेलवर बाजा किंवा सुप्राची गाडी करणारी टोळी असतेच आणि डिफरन्शियल कुठलं घ्यायचं यावर मेसमध्ये रात्री अकरापर्यंत वाद चालतात. त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडतो. समजा वळणावर आतलं चाक ३०० न्यूटन-मीटरच्या पुढे घसरतं आणि बाहेरचं ९०० पर्यंत सहन करतं. साध्या डिफरन्शियलमध्ये दोघांना ३००, एकूण ६००. आता टॉर्क बायस रेशो २.५ असलेलं डिफरन्शियल बसवा. आतल्याला ३००, बाहेरच्याला ७५०, एकूण १०५०. इंजिनाला हात न लावता ७५ टक्के वाढ! पण आतलं चाक हवेत उचललं गेलं तर? शून्य गुणिले २.५ म्हणजे शून्यच. गिअरवर चालणाऱ्या टॉरसेन जातीच्या डिफरन्शियलचा हाच कच्चा दुवा. अमेरिकेत व्हर्नन ग्लीझमनने १९५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. क्लचच्या चकत्या असलेल्या प्रकारात आधीपासून थोडा दाब देऊन ठेवता येतो, त्यामुळे चाक उचललं तरी काहीतरी टॉर्क दुसरीकडे पोचतो. त्या बदल्यात चकत्या झिजतात, खास तेल लागतं आणि पार्किंगमध्ये वळताना गाडी कुरकुरते.

मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन असेल तर अजून एक गोष्ट बघावी लागते. सरळ सलग अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल अ‍ॅक्सलच्या पोटात असतं आणि चाकांबरोबर वरखाली होतं. इंडिपेंडंटमध्ये त्याचं हाउसिंग चासीला बोल्टने बांधलेलं असतं आणि दोन्ही बाजूंना जॉइंट असलेले हाफ शाफ्ट निघतात. त्यामुळे प्रोपेलर शाफ्टच्या मुरडीने एक चाक दाबलं जाणं आणि दुसरं उचललं जाणं हा सलग अ‍ॅक्सलचा त्रास इथे होत नाही. पण वरचा हिशेब पुन्हा बघा. आधी एका हाफ शाफ्टवर एकूण टॉर्कच्या निम्माच यायचा. आता १०५० पैकी ७५० म्हणजे ७१ टक्के एकट्या शाफ्टवर आणि त्याच्या जॉइंटवर येतो. हाउसिंगचे रबरी बुशही तेवढेच जास्त पिळले जातात. म्हणून डिफरन्शियल सुधारलं की आधी जॉइंट आणि बुश तपासायचे, पिनियन आणि क्राउन व्हीलचा खेळ शिम घालून जमवायचा, दातांवर निळा रंग लावून ठसा बघायचा, आणि मगच गाडी बाहेर काढायची. बजेट नाही म्हणून आतले गिअर वेल्डिंग करून टाकायचा सल्ला देणारे महाभाग भेटतात. चिखलात ते चालतं. डांबरावर प्रत्येक वळणाला चाक फरफटतं आणि त्याचा मार जॉइंटवर बसतो. शिवाय रस्त्यावरच्या गाडीत असले बदल करायचे तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं हेही लक्षात असू द्या.

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरतं तेव्हा दुसरं गाडीला रेषेत धरून ठेवतं. लिमिटेड स्लिपमध्ये मर्यादा ओलांडली की दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीची शेपटी बाहेर पडते. जास्त जोर मिळतो, पण चुकीला माफी कमी. त्यात पोर्शेच्या गाडीचं स्विंग अ‍ॅक्सल वळणावर चाकाचा कल बदलायचं. ही गाडी हाताळणं फार थोड्या जणांना जमलं. त्यांत पहिला बर्न्ड रोझेमायर. हा मोटरसायकलवरून थेट त्या गाडीत आला होता, त्यामुळे दुसऱ्या गाड्यांच्या सवयी मोडायचा प्रश्नच नव्हता. १९३६ मध्ये तो युरोपचा विजेता झाला. २८ जानेवारी १९३८ रोजी फ्रँकफुर्ट ते डार्मश्टाट रस्त्यावर वेगाचा विक्रम करताना, ताशी ४०० किलोमीटरच्या पुढे, गाडी सुटली आणि तो गेला. वय फक्त २८.

आता १९३५ कडे परत जातो. झेड.एफ.कडून ते डिफरन्शियल आलं त्याच वर्षाची दुसरी गोष्ट सांगायची राहिली आहे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला होता. ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाडीला सरकारी पैसा मिळत होता आणि १९३४ मध्ये जनतेची मोटार करायचं कामही पोर्शेकडे आलं होतं. ऑफिसला एवढे चांगले दिवस आलेले, आणि त्याच ऑफिसच्या एका भागीदाराचा धर्म आता सोयीचा राहिला नव्हता. रोझेनबर्गरने रोजचा कारभार आधीच सोडला होता. १९३५ मध्ये त्याचा १० टक्के हिस्सा नुसत्या दर्शनी किमतीला काढून घेतला गेला आणि तो पोर्शेचा मुलगा फेरी याच्याकडे गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात रोझेनबर्गरला अटक करून किस्लाऊच्या छळछावणीत टाकलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या खटपटीने तो सुटला, देश सोडून गेला आणि अमेरिकेत नाव बदलून राहिला. युद्धानंतर त्याने आपला हक्क मागितला. १९५० मध्ये तडजोड झाली. त्याला ५०,००० मार्क आणि एक मोटार मिळाली. १९६७ मध्ये तो कॅलिफोर्नियात वारला. मागे इंजिन असलेल्या गाडीचं वळण ज्याला पोर्शेच्या आधी ठाऊक होतं, त्या माणसाचा हिशेब असा एका गाडीवर मिटला.

पोर्शे १९३७ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला. पुढे एस.एस. या संघटनेतला मानाचा हुद्दाही त्याच्याकडे आला. त्याला राजकारणात रस नव्हता, त्याला फक्त यंत्रं करायची होती, असं त्याच्या बाजूने सांगितलं जातं. असेलही. पण ज्याला रस नसतो त्याचा जोर कुणीतरी वापरतंच. २६ मे १९३८ रोजी जनतेच्या मोटारीच्या कारखान्याची कोनशिला बसली. युद्ध सुरू झालं आणि आगाऊ पैसे भरलेल्या जनतेला एकही मोटार मिळाली नाही. कारखान्यातून निघाली क्युबेलवागन ही लष्करी गाडी, ५०,००० च्या वर. तिला ओढ फक्त मागच्या दोन चाकांची, तरीही रशियाच्या चिखलात ती चालली. कारण वजनाला हलकी, चाकांपाशी रिडक्शन गिअर आणि मागे झेड.एफ.चं सेल्फ-लॉकिंग डिफरन्शियल. शर्यतीसाठी केलेली युक्ती शेवटी चिखलात आली, पण लष्कराच्या गणवेशात. आणि त्या कारखान्यात युद्धाच्या उत्तरार्धात निम्म्याहून जास्त कामगार पोलंड, रशिया आणि इतर देशांतून सक्तीने आणलेले होते. त्यांत छळछावणीतले कैदीही होते. कारखान्याच्या वरिष्ठांत पोर्शे होता. त्याला हे दिसलं नाही असं म्हणायला जागा नाही.

रणगाडा करताना तो पुन्हा आपल्या तरुणपणाच्या कल्पनेकडे गेला. पेट्रोल इंजिनं जनरेटर फिरवणार आणि प्रत्येक पट्ट्याला वेगळी विजेची मोटर, म्हणजे पुन्हा डिफरन्शियलला सुट्टी. १९४२ मध्ये सैन्याने दुसऱ्या कंपनीचा रणगाडा निवडला. पोर्शेच्या तयार झालेल्या सुमारे ९० सांगाड्यांवर रणगाडे फोडणाऱ्या तोफा चढवल्या आणि त्या गाडीला त्याचंच नाव दिलं, फर्डिनांड. जुलै १९४३ मध्ये त्या कुर्स्कच्या लढाईत उतरल्या. पॅरिसच्या प्रदर्शनात ज्या कल्पनेचं कौतुक झालं, तिचं हेही एक रूप त्याच्या हयातीतलं.

युद्ध संपल्यावर १५ डिसेंबर १९४५ रोजी फ्रेंचांनी त्याला पकडलं. खटला न चालवता २० महिने कैदेत ठेवलं. तो १९४७ च्या ऑगस्टमध्ये सुटला, शरीराने खचलेला. तोवर मुलगा फेरी ऑस्ट्रियातल्या ग्म्युंट गावात छोटंसं वर्कशॉप चालवत होता. ८ जून १९४८ ला पोर्शे नावाची पहिली मोटार, ३५६, तिथे पास झाली. १९५० च्या नोव्हेंबरात म्हाताऱ्या पोर्शेने वोल्फ्सबुर्गला जाऊन आपली बीटल शेकड्यांनी तयार होताना पाहिली. थोड्याच दिवसांत त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि ३० जानेवारी १९५१ रोजी तो स्टुटगार्टला वारला. बीटलमधल्या काही कल्पना टाट्रा या चेक कंपनीच्या होत्या हा वाद त्याच्या मागे चालूच राहिला. फोक्सवॅगनने १९६५ मध्ये पैसे देऊन तो मिटवला. १९९९ मध्ये जगभरच्या जाणकारांनी त्याला शतकातला सर्वोत्तम मोटार इंजिनिअर ठरवलं.

तो मान चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. चाकात मोटर, टॉर्शन बार, मागे इंजिन, घसरणारं चाक आवरणारं डिफरन्शियल, यातली एकेक गोष्टसुद्धा एका आयुष्याला पुरली असती. २०२० मध्ये नाशिकला बनू लागलेल्या नव्या थारच्या मागच्या सलग अ‍ॅक्सलमध्ये मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आलं तेव्हा आपल्यातले किती जण खूश झाले होते! तंत्र वेगळं, पण प्रश्न तोच.

मला एवढंच वाटतं की त्याचं चरित्र सांगताना १९३५ साल अर्धं सांगू नये. एकाच वर्षी त्याने दोन प्रश्न सोडवले. एका प्रश्नात त्याला असह्य झालं की पकड असलेल्या चाकापर्यंत जोर पोचत नाही, आणि त्यासाठी त्याने नवीन यंत्र करवून घेतलं. दुसऱ्या प्रश्नात ज्याने ऑफिस उभं करायला खांदा दिला, त्याच्यापर्यंत त्याचा वाटा पोचला नाही, आणि तिथे काहीच करवून घेतलं नाही. साध्या डिफरन्शियलसारखं सगळं जिकडे अडथळा कमी तिकडे गेलं.

आपल्यापैकी अनेक जण येत्या वर्षात कुठल्या ना कुठल्या प्लँटमध्ये, डिझाइन ऑफिसमध्ये लागतील. हुशारी लागेलच, ती आपल्याकडे आहे. पण बरोबरच्या एखाद्या माणसाला त्याच्या जातीवरून, भाषेवरून किंवा नुसत्या गैरसोयीचा म्हणून बाजूला सारलं जात असेल, आणि आपलं ड्रॉइंग मात्र वेळेवर मंजूर होत असेल, तेव्हा रोझेनबर्गरचं नाव आठवावं. दारावरच्या पोस्टरखाली पेन्सिलीने लिहून ठेवलं तरी चालेल. रेक्टर सर रागावले तर डिफरन्शियल शिकवतोय म्हणून सांगा.